मधल्या माणसाच्या वाटेनं

शुक्रवार : ऑकलंड ते पैहिया

जानेवारीत अख्खं ऑकलंड उत्तरेकडं सुटतं. पहाटे निघूनही वार्कवर्थच्या अलीकडं गाड्यांची रांग लागलीच. मागच्या सीटवर अप्पा, त्यांच्या पायाशी दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. अप्पा मिरजेचे, नोकरी सगळी तलाठ्याची. बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या त्यांनी पाहिल्यात, आणि पंचांनी मिटवलेलं भांडण पुढच्या पेरणीला परत पेटलेलंही पाहिलंय. अशा माणसाला किनारे आणि धबधबे दाखवून काय मिळणार? म्हणून मी त्यांना इथल्या, न्यूझीलंडमधल्या, एका जुन्या मध्यस्थाच्या वाटेनं न्यायचं ठरवलं. बायकोची अट एकच होती, रोज एका तरी ठिकाणी कॉफी बरी मिळाली पाहिजे.

मध्यस्थाचं नाव हेन्री विल्यम्स. जन्म 1792 चा. कोवळ्या वयात ब्रिटिश नौदलात गेला, नेपोलियनच्या काळातल्या लढाया पाहिल्या, लेफ्टनंट म्हणून बाहेर पडला आणि पुढं धर्मोपदेशक झाला. 1823 मध्ये बायको मेरिअन आणि लहान मुलांना घेऊन तो पैहियाच्या किनाऱ्यावर उतरला. इथले मूळचे रहिवासी माओरी त्याला 'ते विरेमु' म्हणायचे. चष्म्यामुळं 'चार डोळ्यांचा' असंही नाव पडलं होतं.

तो आला तेव्हा सगळा देश बंदुकांनी होरपळत होता. न्गापुही जमातीचा होंगी हिका 1820 मध्ये इंग्लंडला जाऊन आला होता. तिथं राजाची भेट झाली, भेटवस्तू मिळाल्या. परतताना सिडनीत त्यानं त्या वस्तू देऊन बंदुका घेतल्या. ज्यांच्याकडं बंदुका नव्हत्या त्यांच्यावर न्गापुहींनी जुनी सगळी देणी वसूल करायला सुरुवात केली. मग इतरांनीही मिळेल त्या किमतीला बंदुका जमवल्या. त्या काही दशकांत 20,000 च्या आसपास माणसं मेली असावीत असा अंदाज सांगतात.

यातलं सूत्र 'उतु'चं. माझ्या कुळाचा अपमान झाला, माणूस मेला, तर त्याची फेड झालीच पाहिजे. फेड नाही केली तर पत गेली. फेड रक्तानंच व्हावी असंही नसे. जमीन, भेटी, लग्न, मानाची माणसं देऊनही हिशेब चुकता व्हायचा. पण ती फेड पुरेशी झाली असं ज्याचं माणूस गेलं त्याला वाटलं पाहिजे. अप्पांना हे दोन वाक्यांत कळलं. आपल्याकडं कोर्टानं निकाल दिला तरी बांध कोरायचा थांबत नाही, ते याच्यामुळंच, असं त्यांचं मत पडलं.

पैहिया आता सगळं पर्यटकांचं. आइस्क्रीम, बोटी, डॉल्फिन बघायच्या सहली. त्या गर्दीत सेंट पॉलचं दगडी चर्च आहे आणि त्याच्या आवारात विल्यम्सच्या स्मरणार्थ उभा केलेला क्रूस. तो ना त्याच्या कुटुंबानं उभारला, ना सरकारनं. 1876 मध्ये माओरी ख्रिश्चनांनी स्वतः उभारला. त्यावरच्या माओरी मजकुराचा सारांश असा, की हा माणूस सगळ्या जमातींना बापासारखा होता आणि माओरींच्या लढायांत समेट घडवायला धजावणारा होता. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून सगळ्या ओळी हळूहळू वाचल्या. एक अक्षर कळत नसताना, निव्वळ सवयीनं. मग म्हणाले, "जमीन किती होती त्याच्याकडं?"

तलाठ्याचा प्रश्न, पण नेमका दुखऱ्या जागेवरचा. विल्यम्सनं आपल्या अकरा मुलांसाठी म्हणून माओरींकडून हजारो एकर जमीन घेतली होती. त्यावरून गव्हर्नर ग्रेशी त्याचं बिनसलं, आणि शेवटी त्याच्याच मिशनरी संस्थेनं त्याला काढून टाकलं. काही वर्षांनी परत घेतलं, पण गावभर झालेली चर्चा थोडीच मागं घेता येते! जमीन त्यानं फसवून घेतली नाही असं त्याच्या बाजूचे लोक म्हणत आले, आणि ते खरंही असेल. पण समेट घडवणाऱ्यानं ज्या गावात न्याय करायचा त्याच गावात एवढी जमीन करू नये, हे अप्पांचं मत मला पटलं.

शनिवार : रसेल

पैहियाहून रसेलला छोटी फेरी जाते, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडं. पोहुतुकावाचा लाल बहर ओसरत आला होता, किनाऱ्यावर त्याच्या केसरांचा सडा. रसेल आता पांढऱ्या लाकडी कुंपणांचं, शांत, महागडं गाव. त्याचं जुनं नाव कोरोरारेका. व्हेलची शिकार करणारी जहाजं इथं पाणी, बटाटे आणि डुकराचं मांस भरायला थांबत. दारूचे गुत्ते, खलाशी आणि त्यांच्यावर चालणारा सगळा धंदा. मिशनरी याला नरक म्हणायचे आणि समोरच्या पैहियातून रोज बघायचे.

मार्च 1830 मध्ये याच वाळूवर पोरींचं भांडण झालं. ब्रिंड नावाच्या एका जहाज-कप्तानावरून मोठ्या घरच्या मुली एकमेकींना भिडल्या. पाण्यातली थट्टामस्करी, मग झिंज्या, मग कुळाला लागणाऱ्या शिव्या. मुली सरदारांच्या, त्यामुळं शिव्याही सरदारांनाच लागल्या. उत्तरेकडून माणसं जमा झाली, इकडूनही झाली. बंदुका सुटल्या. त्यात हेंगी नावाचा सरदार मेला. तो लढायला पुढं आला नव्हता, लढाई थांबवायला आला होता.

योगायोगानं दोनच दिवसांत सिडनीहून सॅम्युअल मार्सडेन येऊन पोचला. 1814 च्या नाताळात या देशात पहिलं प्रवचन देणारा हाच. तो आणि विल्यम्स होडीत बसून एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जाऊ लागले. या माणसांकडं शस्त्र नव्हतं की हुकूम नव्हता. त्यांचं भांडवल एवढंच, की दोन्हीकडच्या लोकांशी त्यांची ओळख होती आणि कुठल्याच बाजूच्या रक्ताचा हिशेब त्यांच्या नावावर नव्हता. एका सरदाराला दुसऱ्याकडं स्वतः जाता येत नव्हतं. गेला तर कमीपणा. चार डोळ्यांचा जाऊ शकत होता. दोन वर्षांपूर्वी, मार्च 1828 मध्ये, होकिआंगाला त्यानं हेच केलं होतं. तिथं ते फारेउमु नावाचा मोठा सरदार मारला गेला होता आणि दोन सैन्यं समोरासमोर होती. ते प्रकरण बोलण्यांतून मिटलं.

इथंही मिटलं. हेंगीच्या मृत्यूची भरपाई म्हणून कोरोरारेकाची जागाच उत्तरेकडच्या पक्षाला सोडून देण्यात आली. ज्या वाळूवर आम्ही मक्याची कणसं खात उभे होतो ती एका माणसाच्या जिवाची किंमत म्हणून हातोहात गेलेली.

पण हेंगीला मुलगे होते, मांगो आणि काकाहा. जमीन उत्तरेकडच्या तितोरे सरदाराकडं गेली, बाप आमचा गेला, आमचं काय? उट्टं काढल्याशिवाय त्यांना तोंड वर करून चालता येत नव्हतं. समेट झालेल्या माणसांवर हात टाकता येईना, म्हणून ते होड्या घेऊन दक्षिणेला टौरंगाकडं गेले, ज्यांचा या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता त्यांच्यावर. काही माणसं मारली आणि तिथंच स्वतः मारले गेले. आता त्यांचं देणं उभं राहिलं.

"म्हणजे चुलत्याचं कर्ज वाटेवरच्या माणसाकडून वसूल," अप्पा म्हणाले. "आणि तुमचा साहेब मिठाई वाटून मोकळा झाला होता."

क्राइस्ट चर्च इथलं जुनं लाकडी देऊळ, 1836 चं. देशात उभ्या असलेल्या चर्चमध्ये सगळ्यांत जुनं. बाहेरच्या फळ्यांना 1845 च्या लढाईतली बंदुकीच्या गोळ्यांची भोकं आहेत. अप्पांची करंगळी एका भोकात पेरापर्यंत गेली. रंगाचे थर आत कडेपर्यंत चढलेले आहेत. दर वेळी रंगवणाऱ्यानं भोक बुजवलं नाही, रंगवलं.

रविवार : नुसती गाडी

पैहिया ते टौरंगा चारशेहून अधिक किलोमीटर. लिहिण्यासारखं काही नाही. बॉम्बे टेकड्यांच्या पुढं गर्दी कमी झाली, एका पेट्रोल पंपावर बायकोला बरी कॉफी मिळाली, अप्पा झोपले.

एवढंच मनात येत होतं, की हेच अंतर विल्यम्सनं 1832 मध्ये समुद्रावरून एका सैन्याच्या सोबतीनं काटलं. मांगो आणि काकाहाचा बदला घ्यायला हाच तितोरे होड्यांचा मोठा तांडा घेऊन निघाला. बायका-पोरंसुद्धा बरोबर. विल्यम्सनं आधी त्याला परोपरीनं सांगून पाहिलं. तो ऐकेना तेव्हा मिशनची छोटी गलबतं काढून त्याच्याच मागं निघाला. प्रवास आठवडेच्या आठवडे चालला. वारा फिरला की थांबायचं, अपशकुन झाला की थांबायचं, मासे चांगले मिळाले तरी थांबायचं. दर थांब्याला विल्यम्स छावणीत जाऊन बसायचा आणि तेच तेच बोलायचा. मला या माणसाची हीच गोष्ट सगळ्यांत जास्त पटते. प्रवचनाच्या ताकदीवर माझा विश्वास नाही, पण जो माणूस ऐकत नाही त्याच्याबरोबर शेकडो किलोमीटर जाणं मला जमलं नसतं.

सोमवार : टौरंगा

ओतुमोएताइचा जुना किल्ला आता बंगल्यांच्या वस्तीत आहे. खाडीच्या काठावर उंचवट्यावर हिरवळ, बाकं, फलक. एक बाई कुत्र्याला चेंडू फेकत होती. तितोरेनं मार्च 1832 मध्ये याला वेढा घातला. त्याच्याकडं बंदुकांबरोबर जहाजावरच्या जुन्या तोफाही होत्या. त्यांनी फार आवाज केला, परिणाम फारसा झाला नाही. किल्ला पडला नाही, समेट झाला नाही. काही महिन्यांनी न्गापुही परत गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले.

म्हणजे विल्यम्स इथं हरला. त्याच्या चरित्रकथांमध्ये या भागावरून जरा भरभर पुढं जायची पद्धत दिसते. मला उलट इथंच थांबावंसं वाटलं. होकिआंगा आणि कोरोरारेकाला दोन्ही बाजूंना थांबायचंच होतं. फक्त आधी कोण थांबतो एवढाच पेच होता, तेव्हा मधला माणूस कामाला आला. टौरंगाला एका बाजूला थांबायचंच नव्हतं. अशा वेळी मध्यस्थ काय करणार?

दुपारी 'द एल्म्स'. आल्फ्रेड नेस्बिट ब्राउन या मिशनऱ्याचं घर, 1847 ला पुरं झालेलं. त्याच्याही आधीचं, 1839 चं, शेजारी त्याचं एका खोलीचं पुस्तकघर. भिंतीभर चामड्याच्या बांधणीची पुस्तकं. घरात जेवणाचं एक टेबल दाखवतात. 28 एप्रिल 1864 च्या रात्री ब्राउननं या टेबलावर ब्रिटिश अधिकाऱ्यांना जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी थोड्याच अंतरावर गेट पा या माओरी किल्ल्याची लढाई झाली. सुमारे 1,700 सैनिक आणि तोफा घेऊन इंग्रज गेले, आत माओरी जेमतेम अडीचशे, आणि इंग्रजांचा सपशेल पराभव झाला. टेबलावरचे बहुतेक पाहुणे मेले. ब्राउननंच त्यांना पुरलं. तीस वर्षं एका जमातीनं दुसऱ्या जमातीशी लढू नये म्हणून खपलेला हा माणूस, आणि शेवटी त्याच्या दारात लढाई आणली ती त्याच्याच राणीच्या फौजेनं, जमिनीसाठी. मार्गदर्शक बाई छान सांगत होती, पण हा मुद्दा मात्र तिनं अलगद ओलांडला.

मंगळवार : वाइरेरे आणि वाहारोआ

टौरंगाहून काइमाइ डोंगर चढून पलीकडं उतरलं की वाइकातोचं मैदान लागतं. सपाट, हिरवं, गायीच गायी. इथलं माटामाटा गाव एका सिनेमाच्या सेटमुळं जगभर माहीत आहे. बस भरभरून लोक तिकडं जात होते. आम्ही वळलो ते वाइरेरे धबधब्याच्या रस्त्याला. उत्तर बेटावरचा सगळ्यांत उंच धबधबा, 153 मीटर. पार्किंगपासून खालच्या कठड्यापर्यंत पाऊण तासाची चढण. शेवाळलेले घराएवढे धोंडे, त्यांच्यामधून ओढा, वर निकाउची झाडं. लाकडी पायऱ्या लागल्यावर अप्पा खालीच एका धोंड्यावर बसले, "तुम्ही जाऊन या" म्हणाले. आम्ही परत आलो तेव्हा ते धोंड्याचं शेवाळ नखानं खरवडून पाहत होते.

इथं जे घडलं त्याची पार्श्वभूमी अशी. 1835 च्या नाताळात रोटोरुआकडच्या एकानं ते वाहारोआ या बड्या सरदाराचा नातलग मारला. ते वाहारोआ हा न्गाती हौआ जमातीचा, याच मैदानातला. 1836 मध्ये त्यानं माकेतूचा किल्ला घेतला. रोटोरुआच्या ते आरावा लोकांनी ते तुमूला त्याची फेड केली. मग ते वाहारोआनं रोटोरुआच्याच काठावर ओहिनेमुतुवर चाल केली. तेव्हा आल्फ्रेड ब्राउन आणि त्याची बायको शार्लट माटामाटाला शाळा चालवत होते. लढाई अंगावर यायला लागली म्हणून शाळेतली मुलं टौरंगाला हलवायचं ठरलं. न्गाकुकु नावाचा हौआ जमातीचा माणूस त्यांना घेऊन निघाला, बरोबर एक इंग्रज, जॉन फ्लॅट. न्गाकुकुची मुलगी तारोरे त्यांच्यात होती, बाराएक वर्षांची. वाचायला शिकलेली. लूकचं शुभवर्तमान माओरीत छापलेलं होतं, ते तिला मिळालेलं. एका विणलेल्या पिशवीत घालून ते ती गळ्यात बाळगायची.

18 ऑक्टोबर 1836 च्या रात्री त्यांनी या धबधब्यापाशी मुक्काम केला आणि शेकोटी पेटवली. तो जाळ रोटोरुआच्या एका टोळीच्या नजरेस पडला. पहाटे ते आले. बाकीची मुलं अंधारात रानात पळाली. तारोरे झोपेत राहिली, आणि झोपेतच मारली गेली. उशाला पुस्तक होतं, ते टोळीवाल्यांनी नेलं.

मुलीचा देह खाली वाहारोआ गावाकडं आणला. जमात जमली. आता काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, सरदाराच्या बंदुका तयारच होत्या. आणि बाप उभा राहिला आणि बोलला, ते ब्राउननं लिहून ठेवलंय. तिच्या मोबदल्यात कुणी उठू नका. रोटोरुआशी चाललेली लढाई इथं संपू दे, असा त्याचा आशय.

हे वाचायला सोपं आहे. पण बंदुका तयार असताना, वैरी नावानिशी माहीत असताना, आणि बदला नाही घेतला तर लोक तुम्हाला नामर्द म्हणतील अशा गावात उभं राहून म्हणायचं! विल्यम्सला जे आठ वर्षं होड्या वल्हवून जमलं नव्हतं ते या माणसाला जमलं, कारण देणं त्याचं होतं. ज्याचं देणं त्यानंच सोडलं तर सुटतं. मधल्या माणसाला ते सोडता येत नाही. मला या सगळ्या वाटेवर एवढंच म्हणायचंय आणि ते वाहारोआला उभं राहून पक्कं झालं.

लढाई लगेच थांबली असं नाही. ते वाहारोआ 1838 मध्ये मरेपर्यंत चकमकी होत राहिल्या. पण त्याचा मुलगा ब्राउनकडं शिकत होता. त्यानं बापाचं वैर पुढं चालवायला नकार दिला, बाप्तिस्मा घेऊन विरेमु तामिहाना झाला, आणि ते तापिरीला एक वस्ती वसवली, जिथं राहायचं तर भांडण बाहेर ठेवून यायचं. पुढं माओरींनी आपला राजा निवडला त्यात सगळ्यांत मोठा हात याच माणसाचा.

तारोरेची कबर गावाबाहेर, गायरानांच्या मधोमध. कुंपण, फलक, आणि पलीकडं दूधपावडरीचा कारखाना. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. अप्पांनी चप्पल काढली. बायकोनं डब्यातल्या डाळिंबांपैकी एक ठेवायचं का विचारलं. अप्पा म्हणाले, नको, इथली रीत आपल्याला माहीत नाही.

बुधवार : रोटोरुआ

गंधकाचा वास गावाच्या वेशीवरच येतो. ओहिनेमुतुत रस्त्याच्या कडेनं, घरांच्या परसांतून वाफ निघते. जमीन गरम, म्हणून कबरी सगळ्या जमिनीच्या वर बांधलेल्या. तळ्याकाठी सेंट फेथचं चर्च. आत फोटो काढायचे नाहीत. एका मोठ्या काचेवर येशू कोरलाय, अंगावर माओरी सरदाराचा झगा. काचेतून मागचं तळं दिसतं, त्यामुळं तो तळ्यावरून चालत येतोय असं वाटतं. अप्पांनी खाली बसून, मग उभं राहून, दोन्ही उंचीवरून ते तपासलं. बसूनच बरं दिसतं.

या तळ्यात मोकोइया बेट आहे. 1823 मध्ये होंगी हिकानं जड होड्या समुद्रावरून आणून जंगलातून ओढत इथवर पोचवल्या आणि बेटावर कत्तल केली. आज तिथं सहलीची बोट जाते.

तारोरेचं पुस्तक इथं आलं. ज्यानं ते नेलं तो उइता, असं सांगतात. त्याला वाचता येत नव्हतं. बऱ्याच काळानं रिपाहाउ नावाचा तरुण आला. हा मूळ दक्षिणेकडच्या राउकावा जमातीचा; लढाईत पकडून उत्तरेला गुलाम म्हणून नेलेला, तिथं पैहियाच्या मिशनमध्ये वाचायला शिकलेला, आणि आता सुटून घरी निघालेला. त्यानं वाचून दाखवलं. उइतानं पुढं न्गाकुकुला निरोप धाडून क्षमा मागितली, अशी इथली परंपरा. रिपाहाउ पुढं घरी, ओताकीला गेला.

संध्याकाळी कुइराउ बागेत उकळत्या चिखलाकडं बघत भेळ खाल्ली. भेळ बायकोनं घरूनच आणली होती.

गुरुवार : तौपोवरून दक्षिणेला

दिवसभर गाडीत. तौपो तळं, मग वाळवंटी रस्ता, उजवीकडं बर्फाचा रुआपेहु डोंगर ढगात.

तळ्याच्या दक्षिण टोकाला तोकाआनु. इथला प्रसंग लहान पण विसरता येत नाही. तारानाकीच्या बाजूचे मानिहेरा आणि केरेओपा हे दोन माओरी प्रचारक त्यांच्या जुन्या वैऱ्यांकडं, तौपोच्या लोकांकडं, समेटाचा संदेश घेऊन जायला तयार झाले. व्हांगानुइच्या 1846 च्या नाताळ मेळाव्यात त्यांनी स्वतःहून नाव दिलं. वाटेत लोकांनी सांगितलं, जाऊ नका, एका विधवेचं तुमच्या जमातीवर नवऱ्याचं देणं आहे. ते गेले. 12 मार्च 1847 ला तोकाआनुजवळ दबा धरून त्यांना मारलं. त्यांच्या जमातीनं त्याचं उट्टं काढलं नाही.

"हे दोघं मधले नव्हते," अप्पा बऱ्याच वेळानं म्हणाले. "हे देणेकरीच होते."

शुक्रवार : ओताकी आणि वाइकानाए

ओताकीचं रांगिआतेआ चर्च 1851 चं. 1995 मध्ये कुणीतरी पेटवून दिलं, राख झाली. 2003 मध्ये तसंच पुन्हा बांधून काढलं. बाहेरून साधं पांढुरकं लांबोळं घर. आत शिरलं की टोटाराचे अखंड बुंधे छताला भिडलेले आणि भिंतींवर विणकामाच्या चौकटी. हे बांधायला ज्याच्या शब्दानं माणसं जमली तो ते राउपाराहा, दक्षिणेतला सगळ्यांत धाकाचा सेनापती, 1849 मध्ये वारला. तो मनापासून ख्रिश्चन झाला होता का, यावर लोक अजून वाद घालतात.

रिपाहाउ इथं आल्यावर ते राउपाराहाचा मुलगा कातु आणि बहिणीचा नातू मातेने ते व्हिव्ही त्याच्याकडं वाचायला शिकले. समोरच्या कापिती बेटावर महिनोन् महिने. त्यांच्याकडं छापील पानं मोजकी होती. त्यांपैकी काहींवर न्गाकुकुचं नाव होतं, म्हणजे ती तारोरेचीच, असं सांगतात. 1839 मध्ये हे दोघं तरुण जहाजानं उत्तरेला पैहियाला गेले आणि म्हणाले, आम्हाला माणूस द्या. कुणाला पाठवावं कळेना. तेव्हा ऑक्टेव्हियस हॅडफिल्ड पुढं आला. वय पंचविशीचं, दम्यानं खिळलेला, जगेल याचीच खात्री नव्हती. मरायचंच तर तिकडं मरतो, असं त्याचं म्हणणं होतं.

विल्यम्स त्याला घेऊन नोव्हेंबर 1839 मध्ये वाइकानाएला उतरला. आम्ही दुपारी तिथं नदीच्या मुखाशी गेलो. वारा भणाणत होता, वाळू डोळ्यांत जात होती, समोर कापिती. विल्यम्स येण्याच्या महिनाभर आधी, 16 ऑक्टोबरला, याच पट्टीवर राउकावा आणि ते आती आवा या जमाती लढल्या होत्या. त्याच दिवशी जमिनी विकत घ्यायला आलेलं न्यूझीलंड कंपनीचं 'टोरी' जहाज समोर येऊन थांबलं आणि त्यांच्या डॉक्टरनं जखमींवर उपचार केले. विल्यम्स वाइकानाएहून ओताकीला, ओताकीहून वाइकानाएला जाऊन येऊन बोलणी करत राहिला. या वेळी जमलं. दोन्ही बाजूंत आता वाचायला शिकलेली माणसं होती, आणि दोघांनाही तोच हॅडफिल्ड हवा होता.

मग हॅडफिल्डला इथं ठेवून विल्यम्स पायी परत निघाला. व्हांगानुइ, तौपो, रोटोरुआ, टौरंगा. आम्ही जी वाट खाली आलो तीच तो वर चालत गेला. जानेवारी 1840 मध्ये पैहियाला पोचतो न पोचतो तोच गव्हर्नर हॉब्सन उतरला, आणि माओरी सरदार व ब्रिटिश राणी यांच्यातल्या वाइतांगीच्या कराराचा माओरी मसुदा विल्यम्सनं मुलाला बरोबर घेऊन एका रात्रीत तयार केला. त्या कागदावरून आजही संसदेत भांडणं चालू आहेत.

कातुनं बाप्तिस्मा घेताना तामिहाना हेच नाव घेतलं. तो आणि मातेने पुढं काही वर्षांत होडीनं दक्षिण बेटावर गेले, न्गाइ ताहु जमातीकडं. त्यांच्या काइआपोइ किल्ल्याची राख त्याच्याच बापानं केली होती. मुलगा बिनहत्यारी उतरला आणि गावोगाव बोलत फिरला. माणसांनी त्याला मारलं नाही.

हॅडफिल्ड मेला नाही. 1860 मध्ये सरकारनं वाइताराची जमीन दांडगाईनं घेतली तेव्हा त्यानं उघड माओरींची बाजू घेतली आणि गोऱ्या वसाहतवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. वेलिंग्टनचा बिशप झाला, देशाचा मुख्य बिशप झाला, आणि 1904 मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला.

हे ऐकून अप्पा पहिल्यांदाच मनापासून हसले. मग गाडीकडं जाताना विचारलं, "त्यानं जमीन किती केली?"

मी म्हटलं, त्याचीही होती थोडी. ते म्हणाले, मला आकडा सांग.